मक्यातील तणांसाठी टेंबोट्रिओन : पहिल्यांदाच फवारणी करणाऱ्यांसाठी मार्गदर्शक

मका पेरून सतरा-अठरा दिवस झालेले असतात, मधल्या काळात पावसाने उसंत दिलेली नसते, वापसा न आल्यामुळे कोळपे धरता आलेले नसते आणि मक्याच्या दोन तासांच्या, म्हणजे ओळींच्या, मधला पट्टा तांदुळजा, केना, शिप्पी व घोळ यांनी हिरवागार झालेला असतो. खुरपणीला माणूस मिळत नाही, आणि मिळाला तरी सगळे रान उरकेपर्यंत पहिल्या वाफ्यात पुन्हा तण उगवलेले असते. अशा वेळी छत्रपती संभाजीनगर, जालना, जळगाव, धुळे, नाशिक या मका पिकवणाऱ्या पट्ट्यात शेतकरी कृषी सेवा केंद्रात जाऊन ‘मक्यावरचे तणनाशक’ मागतात. त्यांच्या हाती बहुतेक वेळा जे औषध पडते, ते म्हणजे टेंबोट्रिओन. हा लेख ते पहिल्यांदाच वापरणाऱ्यांसाठी आहे.

सुरुवातीलाच एक गोष्ट सांगतो, कारण पुढचे सगळे तिच्याभोवती फिरते. हे औषध वाया जाते ते बहुधा तणाचे वय न पाहिल्यामुळे. मी स्वतः पहिल्या वर्षी पावसाची उघडीप मिळेना म्हणून फवारणी पस्तिसाव्या दिवसापर्यंत लांबवली. औषध तेच होते, मात्राही तीच होती, पण गुडघ्याला लागलेल्या तांदुळजाचे फक्त शेंडे पांढरे झाले आणि पंधरा दिवसांनी खालच्या पेरांतून तो पुन्हा फुटला. पुढच्या हंगामात एकोणिसाव्या दिवशी फवारले, तेव्हा त्याच रानात तीन आठवड्यांनी तण शोधावे लागले.

औषध काम कसे करते

टेंबोट्रिओन हे निवडक, उगवणपश्चात वापरायचे तणनाशक आहे. निवडक म्हणजे ते पिकाला राखते आणि तणाला मारते, आणि उगवणपश्चात म्हणजे ते तण उगवून आल्यावर त्याच्या पानांवर फवारायचे असते. त्याच्या कुळाची कथा एका झाडापासून सुरू होते. आपल्याकडे बागांत व शाळांच्या आवारात लाल तुऱ्यांचे बॉटलब्रश लावलेले असते. १९७७ मध्ये कॅलिफोर्नियातील एका कृषिरसायन संशोधन केंद्रात या झाडाखाली फारसे तण उगवत नाही, असे लक्षात आले. त्यामागचा पदार्थ शोधला तेव्हा तो लेप्टोस्पर्मोन निघाला आणि त्याच्याच रचनेवर काम करत पुढे ट्रायकिटोन नावाच्या गटातील तणनाशके तयार झाली. टेंबोट्रिओन त्याच गटातले आहे.

पानात हिरव्या रंगाबरोबर पिवळी-नारिंगी रंगद्रव्येही असतात. गाजराला रंग देणारे कॅरोटीन त्याच कुटुंबातले. ही रंगद्रव्ये हरितद्रव्याला तीव्र उन्हापासून वाचवतात. टेंबोट्रिओन वनस्पतीतील एका विकराचे (एन्झाइमचे) काम अडवते, त्यामुळे नव्या पानांत ही रंगद्रव्ये तयार होत नाहीत, आणि संरक्षण गेलेले हरितद्रव्य उन्हातच नष्ट होते. म्हणून तणाची कोवळी पालवी आधी पांढरी पडते, आणि जुनी पाने काही दिवस हिरवीच दिसतात. हे ध्यानात ठेवावे, कारण फवारणीनंतरच्या पहिल्या आठवड्यातील बरीचशी घबराट हे माहीत नसल्यामुळे होते.

मका मात्र हे औषध आपल्या पेशींत झपाट्याने मोडून निरुपद्रवी करतो, आणि मूळ उत्पादनात आयसोक्साडिफेन-इथाइल हा संरक्षक घटकही घातलेला असतो, जो मक्याच्या या मोडतोडीला वेग देतो. मका मरत नाही तो औषध सौम्य आहे म्हणून नव्हे, तर ते पचवण्याची त्याची ताकद आहे म्हणून. पाणी साचून पिवळा पडलेला, थंडीने आखडलेला किंवा पाण्याअभावी पाने वळलेला मका ही ताकद पुरेशी वापरू शकत नाही, आणि त्याच्या पानांवर पांढरट पट्टे उमटू शकतात. ते बहुधा पुढच्या नव्या पानांत दिसेनासे होतात, तरीही आजारी पिकावर फवारणी न करता दोन-चार दिवस थांबणेच शहाणपणाचे असते.

पहिली पायरी : रान या औषधाला योग्य आहे का, ते पाहणे

दुकानात जाण्यापूर्वी रानात जावे. शक्य झाल्यास सुतळीचा तीन फूट बाय तीन फूट चौकोन करून तो चार-पाच ठिकाणी टाकावा आणि आत कोणते तण किती आहे, ते वहीत लिहावे. तांदुळजा, माठ, कुंजरू, गाजरगवत, घोळ यांसारखी रुंद पानांची तणे आणि शिप्पीसारखी बियांपासून आलेली वार्षिक गवते असतील, तर टेंबोट्रिओन उपयोगी पडते. केना कोवळा असेल तर दबतो, पण कांडी धरलेला केना चिवट असतो आणि त्याचे तुटलेले पेरही ओल मिळाली की मूळ धरते, म्हणून त्याच्यासाठी खुरपे ठेवावेच लागते.

लव्हाळा आणि हरळी यांच्या बाबतीत मात्र स्वतःची फसवणूक करून घेऊ नये. लव्हाळ्याच्या जमिनीतील गाठींची आणि हरळीच्या काशांची साठवण इतकी असते की, वरची पाने पांढरी झाली तरी खालून नवा कोंब येतो. रानात लव्हाळाच मुख्य असेल, तर हॅलोसल्फ्युरॉन मिथाइलसारख्या, लव्हाळ्यासाठीच्या वेगळ्या तणनाशकाबद्दल कृषी विज्ञान केंद्रात विचारावे. हरळीचा बंदोबस्त उन्हाळी नांगरणीत काशा वेचूनच करावा लागतो आणि उभ्या मक्यात तो होत नाही.

त्यानंतर पीक पाहावे. मक्यात मूग, उडीद, सोयाबीन किंवा तुरीचे आंतरपीक असेल, तर हे औषध आणूच नये. औषधाच्या लेखी ही सगळी रुंद पानांची तणेच आहेत. गोड मका आणि बेबीकॉर्न घेणाऱ्यांनी अधिक जपावे, कारण गोड मक्याच्या काही वाणांत औषध पचवण्याची क्षमता जन्मतःच कमी असते. अशा वाणावर आधी दोन-तीन ओळींपुरतीच फवारणी करून आठवडाभर पाहावे, आणि बियाण्याच्या पिशवीवर किंवा कंपनीच्या माहितीपत्रकात तणनाशकाबद्दल सूचना असेल तर ती पाळावी.

शेजारच्या बांधापलीकडे काय आहे, हेही याच वेळी पाहून घ्यावे. कापूस, मिरची, टोमॅटो, द्राक्ष, सोयाबीन, मूग यांच्यावर फवाऱ्याचे तुषार उडाले तर पाने पांढरी पडतात आणि शेजाऱ्याशी वर्षानुवर्षांचे संबंध बिघडतात. आमच्या गावात एका वर्षी वाऱ्याने तुषार मुगाच्या दोन तासांवर गेले होते. नुकसान थोडे होते, पण ते भरून दिले तेव्हाच दोन घरांतले बोलणे पुन्हा सुरू झाले.

दुसरी पायरी : दिवस ठरवणे

मक्याचे पहिले पंधरा ते पंचेचाळीस दिवस तणांशी स्पर्धेच्या दृष्टीने सर्वांत नाजूक असतात. या काळात गेलेले अन्न आणि ओल पुढे कितीही युरिया टाकला तरी भरून निघत नाही. टेंबोट्रिओनसाठी योग्य वेळ साधारणपणे पेरणीनंतर १५ ते २० दिवसांची धरली जाते, पण दिवसांपेक्षा तणाची पाने मोजणे अधिक खात्रीचे, कारण पाऊस लवकर झाला तर तणही लवकर वाढते आणि पंचांगातला दिवस त्याला ठाऊक नसतो.

पाने मोजायची ती खाली बसून. तांदुळजाचे एक रोप बोटांच्या चिमटीत धरावे. सर्वांत खाली दोन अरुंद, लांबट, एकमेकांसमोर आलेली पाने दिसतील, ती बियातून निघालेली दलपत्रे, ती मोजायची नाहीत. त्यावरची खरी पाने मोजावीत. तीन ते चार असतील तर दिवस योग्य आहे, सहा झाली असतील तर उद्याच फवारावे, आणि रोपाला बगलेत फांद्या दिसू लागल्या असतील तर या फवारणीकडून पूर्ण अपेक्षा ठेवू नये. गवताच्या बाबतीत बुंध्याजवळ फुटवे आले का, ते पाहावे, कारण फुटव्यांनंतर प्रत्येक फुटवा स्वतःच्या बळावर जगू शकतो. रानात सगळे तण एकाच दिवशी उगवत नाही, म्हणून सर्वांत मोठ्या रोपांवर नव्हे, तर ज्या आकाराची रोपे सर्वांत जास्त आहेत त्यांच्यावरून निर्णय घ्यावा.

ज्यांनी पेरणीनंतर लगेच, तण उगवण्यापूर्वी अॅट्राझिन फवारले असेल, त्यांच्या रानात तणाची पहिली लाट बरीच रोखलेली असते, आणि टेंबोट्रिओनची गरज नंतर उगवलेल्या तणांपुरतीच राहते. अॅट्राझिन ५० टक्के भुकटीची मक्यातील शिफारस हेक्टरी ०.५ ते १ किलो सक्रिय घटकाची (प्रत्यक्ष तण मारणाऱ्या द्रव्याची), म्हणजे १ ते २ किलो भुकटीची आहे, आणि ती ओलसर जमिनीवरच काम करते. अॅट्राझिन प्रकाशसंश्लेषणाची साखळी एका जागी तोडते आणि टेंबोट्रिओन दुसऱ्या जागी, त्यामुळे दोन्ही एकमेकांचे काम वाढवतात. म्हणूनच अनेक शेतकरी ती एकत्र फवारतात. मात्र पेरणीच्या वेळी अॅट्राझिनची पूर्ण मात्रा गेलेली असताना पुन्हा तीच मात्रा मिसळू नये. त्याचे कारण पुढे, शेवटच्या पायरीत दिले आहे.

तिसरी पायरी : बाटली ओळखणे

दुकानात दोन बाटल्या शेजारी ठेवल्या तर एकीवर ३४.४ टक्के आणि दुसरीवर ४२ टक्के लिहिलेले दिसू शकते आणि नवखा माणूस साहजिकच दुसरी ‘जास्त कडक’ समजतो. प्रत्यक्षात पहिला आकडा वजनाच्या हिशेबाने आणि दुसरा आकारमानाच्या हिशेबाने दिलेला असतो. औषध तेवढेच, म्हणजे एका लिटरमध्ये ४२० ग्रॅम सक्रिय घटक. शिफारस हेक्टरी १२० ग्रॅम सक्रिय घटकाची आहे, म्हणजेच हेक्टरी २८६ मिली किंवा एकरी सुमारे ११५ मिली.

यासोबत शिफारस केलेला सर्फॅक्टंट एकरी ४०० मिली घ्यावाच लागतो. तणाच्या पानावर मेणाचा पातळ थर असतो, त्यावर नुसत्या पाण्याचा थेंब मण्यासारखा गोल बसतो आणि ओघळून जातो. सर्फॅक्टंट घातल्यावर तोच थेंब पसरतो आणि औषध आत शिरते. याची खात्री करायची असेल, तर केन्याच्या एका पानावर साध्या पाण्याचा आणि दुसऱ्यावर सर्फॅक्टंट मिसळलेल्या पाण्याचा थेंब सोडून पाहावा. फरक डोळ्यांना दिसतो. दुकानदार सर्फॅक्टंटऐवजी कुठलेही ‘स्टिकर’ पुढे करतो तेव्हा ते घेऊ नये, कारण चिकटवणे आणि आत शिरवणे ही दोन वेगळी कामे आहेत.

पक्के बिल घ्यावे. त्यावर औषधाचे नाव, बॅच क्रमांक आणि मुदत लिहिलेली असावी, कारण काही बिघडले तर तक्रारीला तेवढाच आधार असतो. बाटलीसोबतचे मराठी माहितीपत्रक फेकून न देता घरी बसून वाचावे. त्यातील मात्रा आणि या लेखातील मात्रा यांत फरक आढळला, तर आपल्या हातातल्या बाटलीवरची मात्राच पाळावी. वेष्टनावरील चौकोनातल्या त्रिकोणाचा रंग विषारीपणा सांगतो. लाल सर्वांत तीव्र, त्यानंतर पिवळा, निळा आणि हिरवा. हिरवा किंवा निळा दिसला म्हणून हातमोजे सोडू नयेत.

चौथी पायरी : आपला पंप आणि आपली चाल मोजणे

बहुतेक चुका इथे होतात, म्हणून या पायरीवर थोडा अधिक वेळ घालवावा. ‘पंपाला किती टाकू?’ हा प्रश्न दुकानात विचारला की उत्तर मिळते, पण खरे उत्तर दुकानदाराला माहीत असण्याची शक्यता नसते. एका माणसाला एकराला आठ पंप लागतात आणि दुसऱ्याला चौदा. चाल वेगळी, दाब वेगळा, नोझल वेगळे.

तणनाशकासाठी पट्ट्याच्या आकाराचा फवारा देणारे फ्लॅट फॅन किंवा फ्लड जेट नोझल वापरावे. कीटकनाशकाचे शंकूच्या आकाराचे नोझल बारीक धुके तयार करते आणि ते वाऱ्यावर उडून जाते. नोझल लावून पंपात साधे पाणी भरावे आणि दोरीने ३३ फूट बाय ३३ फूट, म्हणजे एक गुंठा जागा आखून घ्यावी. मग ज्या चालीने दिवसभर चालता येईल त्याच चालीने, दाब एकसारखा ठेवत ती जागा फवारावी. पंपातले किती पाणी कमी झाले, ते मापाने मोजावे.

समजा एका गुंठ्याला चार लिटर पाणी लागले. एकरात चाळीस गुंठे, म्हणून एकराला १६० लिटर पाणी लागेल, आणि पंप १६ लिटरचा असेल तर बरोबर दहा पंप. मग ११५ मिली औषध दहाने भागले की प्रत्येक पंपाला ११.५ मिली औषध आणि ४० मिली सर्फॅक्टंट. गुंठ्याला पाच लिटर लागले असते, तर एकराला २०० लिटर म्हणजे साडेबारा पंप झाले असते आणि पंपामागे औषध साधारण ९.२ मिली. एकराचे औषध दोन्ही वेळी तेवढेच राहते, बदलते ते फक्त वाटप.

साडेअकरा मिली मोजायला झाकण कामाचे नाही. औषधाच्या दुकानात मिळणारी वीस मिलीची सुईविना सिरिंज घ्यावी आणि तिच्यावर तेलरंगाने ‘तणनाशक’ असे लिहून ती वेगळी ठेवावी. एकदा मी कॉफीच्या चमच्याने मोजणारा माणूसही पाहिला आहे. तो चमचा नंतर घरात परत गेला असता तर काय, याचा विचार करूनच जीव घाबरतो.

पाचवी पायरी : मिश्रण

पंप आधी कीटकनाशकासाठी वापरलेला असेल तर तो तीन वेळा धुवावा. त्याहून चांगले म्हणजे तणनाशकासाठी एक जुना पंप कायमचा वेगळा ठेवणे. उलट बाजूचा धोका अधिक मोठा असतो. तणनाशकाचे अवशेष राहिलेला पंप पुढच्या आठवड्यात कापसावर किंवा मिरचीवर नेला तर पीक होरपळते, आणि कारण कुणाच्याच लक्षात येत नाही.

पाणी स्वच्छ, गाळ नसलेले घ्यावे. नाल्याच्या गढूळ पाण्याने नोझल तुंबते आणि अर्धा दिवस तिथेच जातो. पंप निम्मा पाण्याने भरावा. अॅट्राझिनची भुकटी घालायची असेल तर आधी वेगळ्या भांड्यात थोड्या पाण्यात तिची पातळ कणीक करून ती गाळून ओतावी. त्यानंतर टेंबोट्रिओन, पुन्हा पाणी, आणि सर्वांत शेवटी सर्फॅक्टंट. सर्फॅक्टंट आधी घातला तर फेस येतो आणि पंप भरला की नाही, हेच कळत नाही. काडीने ढवळावे, हाताने कधीही नाही.

याच मिश्रणात लष्करी अळीचे कीटकनाशक घालण्याचा मोह आवरावा. अमेरिकन लष्करी अळी भारतात २०१८ मध्ये प्रथम आढळली आणि तेव्हापासून मक्याच्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात कीटकनाशक फवारणे हा नेमच झाला आहे, त्यामुळे दोन्ही कामे एकाच पंपात उरकावीत, असे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु अळी पोंग्यात असते आणि तण जमिनीवर. एका फवाऱ्याने दोन्हींपैकी एकही नीट भिजत नाही. शिवाय काही ऑर्गनोफॉस्फरस कीटकनाशके मक्याच्या औषध पचवण्याच्या यंत्रणेलाच अडथळा आणतात आणि पिकाला इजा होण्याची शक्यता वाढते. अळी दिसत असेल तर तिच्यासाठी वेगळा दिवस ठरवावा, आणि ऑर्गनोफॉस्फरस गटाचे औषध वापरायचे असेल तर दोन्ही फवारण्यांत आठवडाभराचे अंतर ठेवावे.

सहावी पायरी : फवारणीचा दिवस

जमिनीत ओल असावी, पण पाय रुतू नये, म्हणजेच वापसा असावा. कोरड्या जमिनीतले सुकलेले तण पानांवरचे मेण जाड करून बसते आणि औषध कमी घेते. सकाळी दव उडाल्यावर, म्हणजे साधारण आठच्या पुढे, आणि वारा वाढण्यापूर्वी काम सुरू करावे. मक्याचे पान नुसते हलत असेल तर चालेल, सळसळत असेल तर थांबावे. पुढचे तीन-चार तास पाऊस येणार नाही, इतका अंदाज हवामान विभागाच्या सूचनेवरून आणि आभाळ पाहून घ्यावा.

अंगावर पूर्ण बाह्यांचा सदरा, पायात बूट, हातात रबरी हातमोजे, तोंडाला मास्क आणि डोळ्यांना चष्मा असावा. २०१७ च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात कापसावर कीटकनाशके फवारताना विषबाधा होऊन शेतकरी व शेतमजूर दगावले आणि शेकडो जण रुग्णालयात गेले. ती औषधे वेगळी होती आणि अधिक विषारी होती, पण ‘आजवर काही झाले नाही’ या एका वाक्यावर विसंबून उघड्या अंगाने फवारण्याची आपली सवय तेव्हाही तीच होती. मजूर लावला असेल तर हातमोजे आणि मास्क त्याला आपणच द्यावेत.

नोझल तणाच्या वर दीड फुटाच्या आसपास धरावे आणि हात डावीकडून उजवीकडे झुलवू नये, तो एका रेषेत राहू द्यावा. एक पट्टा दुसऱ्यावर फार चढला तर तिथे मात्रा दुप्पट होते आणि मक्यावर पांढरे पट्टे दिसतात ते अशाच जागी. वाऱ्याकडे तोंड करून फवारू नये. तास संपवून वळताना खटका बंद करावा. बांधालगतच्या दोन तासांत शेजारचे पीक नाजूक असेल, तर ती तासे न फवारता खुरपणीने काढलेली बरी. आणि रानाच्या मध्यभागी पंपाच्या एका पट्ट्याएवढी जागा मुद्दाम न फवारता सोडावी. औषधाने काय केले, हे तीन आठवड्यांनी त्या पट्ट्याशेजारी उभे राहिल्यावर जसे कळते तसे दुसऱ्या कशाने कळत नाही.

फवारणी संपल्यावर पंप रानातच तीन वेळा धुवावा आणि ते पाणी त्याच मक्यात शिंपडावे. विहिरीवर, ओढ्याच्या काठावर किंवा गुरांच्या हाळाजवळ पंप धुवू नये. रिकाम्या बाटल्याही तीन वेळा धुऊन, भोक पाडून ठेवाव्यात. त्यांत पिण्याचे पाणी किंवा घासलेट भरण्याची पद्धत अजूनही काही वस्त्यांवर आहे, ती थांबवायलाच हवी.

सातवी पायरी : थांबणे, आणि घरच्यांना सांगणे

ही पायरी वेगळी लिहिण्याचे कारण आहे. तांदुळजा आणि घोळ या आपल्या घरच्या रानभाज्या आहेत. पावसाळ्यात मक्यातून तांदुळजाची जुडी खुडून आणणे, शेळ्यांसाठी गवताचा भारा कापणे, ही कामे घरातील बायका आणि मुले रोज करतात, आणि फवारणी कुणी व केव्हा केली, हे त्यांना कुणी सांगितलेले नसते. फवारणीच्या आदल्या संध्याकाळी घरात, गड्याला आणि शेजारच्या वस्तीवर स्पष्ट सांगावे की, या रानातली भाजी आणि गवत आता आणायचे नाही. बांधाच्या तोंडाशी काठीला लाल फडके बांधून ठेवावे, ते न वाचता येणाऱ्यालाही कळते. मक्याचा हिरवा चारा कापायचा असेल तर माहितीपत्रकात दिलेला प्रतीक्षा काळ पूर्ण झाल्याशिवाय कापू नये.

पहिले तीन-चार दिवस काहीच दिसणार नाही. त्यानंतर तणाचा शेंडा फिकट, मग दुधासारखा पांढरा पडू लागेल, काही रोपांवर जांभळट-गुलाबी छटाही येईल. पूर्ण वाळायला दोन ते तीन आठवडे लागतात. पाचव्या दिवशी तण हिरवे दिसले म्हणून पुन्हा फवारणी करू नये. तेव्हा तण जिवंत दिसत असले तरी त्याची वाढ थांबलेली असते, आणि मक्याशी त्याची स्पर्धाही तिथेच संपलेली असते. फवारणीनंतर किमान आठवडाभर कोळपणी करू नये, कारण तण उपटले किंवा मुळे तुटली तर औषध आत पसरायचे थांबते, आणि माती उलटल्याने नवे बी वर येऊन उगवते.

तीन आठवड्यांनी रानातून एक फेरी मारावी. जे वाचले आहे ते हाताने उपटावे, फुलावर येण्याआधी. यात आळस करू नये. वाचलेली रोपे केवळ मोठी होती म्हणूनच वाचली असतील असे नाही. त्यांतले एखादे औषधाला दाद न देणारेही असू शकते, आणि त्याचे बी पडले तर पुढच्या वर्षी तेच रानभर होते. पंजाब-हरियाणात गव्हातील गुल्ली डंडा या तणाने १९९० च्या दशकात आयसोप्रोट्यूरॉनला दाद देणे बंद केले, ते एकच औषध वर्षानुवर्षे फवारल्यामुळे. अमेरिकेत माठाच्याच कुळातील एका तणाने टेंबोट्रिओनच्या गटालाही प्रतिकार दाखवला आहे. म्हणून सलग दोन-तीन वर्षे फक्त या गटावर विसंबू नये. मध्ये कोळपणी, पिकाची फेरपालट आणि वेगळ्या गटाचे औषध यांची जोड द्यावी. गाजरगवत उपटताना हातमोजे घालावेत, त्याने अंगावर पुरळ येते.

आठवी पायरी : पुढच्या पिकाचा हिशेब

खरीप मक्यामागे रब्बीत हरभरा, गहू, कांदा किंवा भाजीपाला घेणाऱ्यांनी हा भाग मक्याच्या पेरणीपूर्वीच वाचलेला बरा. अॅट्राझिन जमिनीत बराच काळ टिकते. ते निम्मे व्हायलाच साधारण दोन महिने लागू शकतात, आणि आपल्या काळ्या, विम्ल म्हणजे सामू जास्त असलेल्या जमिनीत त्याचे विघटन आणखी मंदावते. म्हणून पेरणीच्या वेळी एकदा आणि टेंबोट्रिओनसोबत पुन्हा एकदा, अशी अॅट्राझिनची दुहेरी मात्रा गेली की कांद्याचे रोप किंवा हरभरा पिवळा पडून जागीच बसतो आणि दोष बियाण्याला दिला जातो. हेच औषध पाण्याबरोबर खाली भूजलातही जाते. युरोपीय संघाने २००४ मध्ये अॅट्राझिनचा वापर थांबवला तो भूजलातील अवशेषांमुळेच. ज्यांच्या मळ्यातल्या विहिरीचे पाणी घरात पिण्याला येते त्यांनी विहिरीभोवतीचा मोठा पट्टा अॅट्राझिनशिवायच ठेवावा आणि तिथे खुरपणीच करावी.

टेंबोट्रिओनच्या माहितीपत्रकातही पुढील पिकांबद्दल सूचना असतात, त्या पाळाव्यात. शंका असेल तर अगदी सोपी चाचणी करता येते. मका काढल्यावर फवारलेल्या रानातली आणि न फवारलेल्या बांधाजवळची माती दोन वेगळ्या डब्यांत घ्यावी, दोन्हींत दहा-दहा हरभरे किंवा कांद्याचे बी पेरावे आणि तीन आठवडे पाहावे. दोन्ही डब्यांतली रोपे सारखीच हिरवी वाढली तर पेरणीला हरकत नाही. फवारलेल्या मातीतली रोपे फिकट पडली तर त्या रानात ज्वारी घ्यावी, कारण अॅट्राझिन ज्वारीलाही मानवते.

हे सगळे त्याच वहीत लिहून ठेवावे, जिच्यात पहिल्या दिवशी सुतळीच्या चौकोनातील तणे मोजून लिहिली होती : पेरणीची तारीख, फवारणीची तारीख, तणाची पाने किती होती, एकराला किती पंप लागले, पाऊस किती तासांनी आला, आणि सोडलेल्या पट्ट्याशेजारी एकविसाव्या दिवशी काय दिसले.